अंगणातल्या पाहुण्या आणि रानातल्या माहेरवाशिणी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख हवा, असे संपादिकाबाईंनी सांगितले, तेव्हा पाककृती आणि विणकाम यांवर लिहिणाऱ्या भगिनी पुष्कळ असल्याने मी फुलझाडांचा इतिहास निवडला. बागेची हौस आपणां सर्वांनाच आहे. दारापुढे चार कुंड्या नाहीत असे घर आपल्या जव्हारात विरळाच. सून आणताना आपण तिचे गाव, कूळ, आजोळ सारे विचारतो. पण अंगणात आणलेल्या रोपाची एवढी चौकशी कोणी करीत नाही. ती आज थोडी करू.

गुलमोहराशिवाय आपल्याला वैशाख सुना वाटतो. पण हे झाड मूळचे मादागास्कर बेटावरचे. १८२० च्या दशकात बॉयर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते तेथे पाहिले आणि मॉरिशसमार्गे ते जगभर गेले. आपल्याकडे ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास आले. म्हणजे शिवाजीमहाराज १६६४ साली सुरतेच्या वाटेवर आपल्या शिरपामाळावर उतरले, तेव्हा या मुलखात एकही गुलमोहर नव्हता! पळस, पांगारा, सावर आणि बहावा मात्र होते. देवळापुढचा पांढरा चाफा मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचा, नीलमोहर दक्षिण अमेरिकेतला, आणि ज्याला आपण आपलेच म्हणतो तो काजूही पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला.

बोगनवेलीची कथा तर स्त्रियांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. १७६६ साली बूगँव्हील हा दर्यावर्दी फ्रान्सहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. त्याच्याबरोबरचे वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमरसाँ यांचा मदतनीस म्हणून पुरुषवेषात एक स्त्री जहाजावर चढली, तिचे नाव जान बारे. फ्रेंच आरमारी जहाजांवर स्त्रियांना मज्जाव होता. १७६७ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर ही वेल त्यांना मिळाली. कॉमरसाँ यांची प्रकृती बरी नसे, म्हणून वेल प्रथम बारेबाईंनीच पाहिली असावी, असे काही अभ्यासक मानतात. वेलीला नाव मात्र कप्तानाचे मिळाले. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी ज्ञात अशी पहिली स्त्री ती हीच. तिच्या नावाची एक वनस्पती शास्त्रात यायला २०१२ साल उजाडावे लागले. बोगनवेलीचे जे रंगीत दिसते ते फूलही नव्हे, ती पाने. खरे फूल मध्यभागी, इवलेसे आणि पांढरे. नाव एकाचे आणि काम दुसऱ्याचे, हे तिच्या अंगातच आहे म्हणायचे!

अशा परदेशी झाडांना आपल्याकडे घर मिळाले ते सार्वजनिक उद्यानांतून. मुंबईचा राणीचा बाग, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ साली खुला झाला. तेथे उर्वशीचे झाड आहे. ब्रह्मदेशातले हे झाड इतके देखणे की शास्त्रज्ञांनी त्याला लेडी अ‍ॅम्हर्स्ट व तिच्या कन्येच्या सन्मानार्थ नाव दिले. २००७ च्या सुमारास या उद्यानाच्या फेररचनेची मोठी योजना पुढे आली, तेव्हा मुंबईच्या काही स्त्रियांनी एकत्र येऊन एकेका झाडाची नोंद ठेवली आणि जुन्या वृक्षांची बाजू चिकाटीने मांडली. आपल्यासारख्या मंडळाने हे उदाहरण विसरू नये.

आता रानाकडे वळू. दुकानात शेकडो रुपयांना मिळणारी ऑर्किडे आपण नवलाने पाहतो. त्यांना मराठीत आमरी असे सुरेख नाव आहे. जव्हार-मोखाड्याच्या घाटांत आंब्यासारख्या जुन्या झाडांवर पावसाळ्याच्या तोंडाशी जांभळ्या ठिपक्यांचे तुरे लोंबतात, ती सीतेची वेणी. हीच आसामची कोपौ फूल; तेथे बिहूच्या नाचात मुली ती केसांत माळतात. ही बांडगूळ नव्हे. ती झाडाचा रस शोषीत नाही, फक्त आधार घेते आणि लोंबत्या मुळ्यांनी हवेतली ओल टिपते. तिचे बी धुळीसारखे बारीक. त्यात अन्नाचा साठा नसतो, म्हणून रानात विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच ते रुजते. १९२२ साली नुडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने साखरमिश्रित पोषक द्रवावर असे बी बुरशीवाचून रुजवून दाखविले, म्हणून आज दुकानातली आमरी प्रयोगशाळेतून येते. रानातलीला ती सोय नाही. जुने झाड पडले की तिच्या कित्येक वर्षांच्या वाढीचा अंत होतो.

कोणी म्हणेल, ज्या वावर-वांगणीत १९९२-९३ साली कुपोषणाने बालके दगावली, तेथे फुलांचे कौतुक कसले? प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून बागेवर लिहिणे मला शोभणार नाही. पण या रानातली शोभा पोटापासून निराळी कधी नव्हतीच. बहाव्याच्या आणि कुड्याच्या फुलांची भाजी होते, मोहाचे फूल अन्न आहे. काकडांबरोबर शिजवायची शेवळे ही तर बंगल्यांतल्या अँथुरियमची चुलत बहीण. आणि टांगत्या कुंडीतल्या पट्टेरी स्पायडर प्लँटचे नाते पावसाळ्यात आपण चिरतो त्या कुळीच्या भाजीशी आहे. अलीकडे जव्हार, मोखाडा व विक्रमगड तालुक्यांत अनेक आदिवासी कुटुंबांनी मोगरा लावला. पहाटे खुडलेल्या कळ्या दादरच्या बाजारात जातात, आणि दिवाळीनंतर मजुरीसाठी गाव सोडण्याची वेळ काही घरांवरून तरी टळते. फूल येथे चैन नाही, चूल आहे. वारली सवाशिणी लग्नचौकात पालघट देवी रेखाटतात, ती हिरवाईचीच देवता. त्यांना हे आपल्याआधी कळले होते.

म्हणून भगिनींनो, पाहुण्यांना हाकलून द्या असे माझे म्हणणे नाही. गुलमोहर, बोगनवेल सुखाने नांदोत. पण माहेरवाशिणींनाही दारी जागा असावी. यंदा मंडळातर्फे रोपे वाटायची असतील तर बहावा, सीताअशोक आणि आपल्या राज्याचे फूल असलेला ताम्हण यांची वाटावी. रानातून ओरबाडून आणलेली आमरी कोणी विकायला आणली तर घेऊ नये. बहुधा ती कुंडीत जगत नाही, आणि मागणी असली की उद्या दुसरे झाड उघडे पडते. तसेच आपल्या वाटेवर जो जुना आंबा किंवा मोह उभा असेल, त्यावर कुऱ्हाड पडण्याची चिन्हे दिसताच चार जणींनी मिळून ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जाऊन विचारावे. एकटीचे कोणी ऐकत नाही; मंडळाचे ऐकतात.