नागपूरहून जुनी डिझेल गाडी आणताना : अर्टिगा घ्यावी की बोलेरो?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याआधी सौंसर, पांढुर्णा आणि नागपूर एकाच राज्यात होते, आणि नागपूर त्या राज्याची राजधानी होती. आज आपली सोयरीक, बाजार, दवाखाना, मुलांची कॉलेजे हे सगळे पूर्वीसारखेच नागपूरशी जोडलेले आहे. जुनी गाडी घ्यायची तरी आपण आधी नागपूरचाच बाजार पाहतो, कारण तिथे गाड्या जास्त आणि निवड मोठी. फरक एवढाच की माणूस सावनेरहून सौंसरला दीड-दोन तासांच्या आत येतो, पण गाडीच्या कागदांना राज्याची सीमा ओलांडावी लागते. त्याला पैसा लागतो आणि वेळही लागतो.

आपल्या भागातील कुटुंबे सात आसनी जुन्या डिझेल गाडीचा विचार करतात तेव्हा बहुतेक वेळा दोन नावे पुढे येतात, मारुती सुझुकी अर्टिगा आणि महिंद्रा बोलेरो. या दोहोंत निवड कशी करावी, आणि एमएच-३१, एमएच-४० किंवा एमएच-४९ क्रमांकाची गाडी आपल्या नावावर मध्य प्रदेशात कशी आणावी, याची माहिती सभासदांसाठी येथे एकत्र दिली आहे. मुख्य सूत्र आधीच सांगतो. विकणारा सांगतो ती किंमत गाडीची खरी किंमत नसते. कर, विमा, दुरुस्ती आणि कागद पूर्ण होऊन गाडी आपल्या दारात आपल्या नावाने उभी राहते, तेव्हा झालेली एकूण रक्कम म्हणजे तिची किंमत. तुलना या रकमेची करावी.

दोन गाड्यांची ओळख

अर्टिगा भारतात २०१२ साली आली. तिच्यातील १,२४८ सीसीचे डिझेल इंजिन मूळ फियाटचे. हेच इंजिन स्विफ्ट, डिझायर आणि सियाझमध्येही होते, त्यामुळे त्याचे काम येणारे मिस्त्री नागपूर-छिंदवाड्यापर्यंत सहज मिळतात. ताकद ९० पीएस. २०१५ च्या बदलानंतर हिच्यात एसएचव्हीएस नावाची प्रणाली आली, जी सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करते. या प्रणालीच्या गाडीची बॅटरी साधी नसून मोठी आणि महाग असते, हे घेताना लक्षात ठेवावे. २०१९ मध्ये १.५ लिटरचे नवे डिझेल इंजिन आले, परंतु १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणेच थांबवले. म्हणजे १.५ लिटरचे इंजिन अल्पकाळच विकले गेले. अशी गाडी समोर आली तर सुट्या भागांची चौकशी आधी करावी.

बोलेरो २००० सालापासून बाजारात आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये बोलेरो पॉवर प्लस आली. तिचे इंजिन १,४९३ सीसीचे, ताकद ७१ पीएस आणि लांबी चार मीटरच्या आत. त्याआधीच्या जुन्या बोलेरोत २,५२३ सीसीचे इंजिन होते. बोलेरो वेगळ्या चासीवर बसवलेली गाडी आहे. तिला मागे पाटे आहेत आणि ताकद मागच्या चाकांना जाते. अर्टिगा कारसारखी बांधलेली असून तिची पुढची चाके ओढतात.

घरची गरज आधी लिहून काढा

गाडी पाहायला जाण्यापूर्वी कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात : वर्षाला किती किलोमीटर होतील, रस्ता कोणता, आणि बसणारे कोण.

संत्र्याच्या बागेत रोजचे जाणे असेल, पावसाळ्यात काळ्या मातीची पांदण तुडवावी लागत असेल, मागे खताची पोती किंवा संत्र्याच्या पेट्या टाकायच्या असतील, तर बोलेरो उजवी. तिचे अंग दणकट आणि पाटे ओझे सहन करतात. मात्र बहुतेक बोलेरोंना चारही चाकांची ताकद नसते. म्हणून चिखलात ती अडकणारच नाही, असे समजू नये.

घरात वृद्ध असतील, महिन्यातून दोन-तीनदा नागपूरच्या दवाखान्यात जाणे असेल, नातवंडांसह लांबचा प्रवास असेल, तर अर्टिगा उजवी. तिच्यात चढणे-उतरणे सोपे, आणि तिसऱ्या रांगेची आसने समोर तोंड करून आहेत. बोलेरोच्या मागच्या भागात आडवी, समोरासमोरची बाके असतात. तिथे लहान मुलांना बसवून हमरस्त्यावरून वेगाने जाणे सुरक्षित नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना बोलेरोची उंच पायरीही जड जाते. उलट अर्टिगात सात माणसे आणि सामान भरले की ती खाली बसते, आणि गावच्या गतिरोधकाला पोट घासण्याची शक्यता असते.

सुरक्षेचा मुद्दा वेगळा पाहावा. चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या गाडीत एअरबॅग आणि एबीएस आहेत की नाहीत हे प्रकारानुसार बदलते. विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता समोरच्या गाडीतच पाहून खात्री करावी.

डिझेलचा हिशेब

कंपनीच्या चाचणीतील आकडे असे : अर्टिगा एसएचव्हीएस लिटरला २४.५२ किलोमीटर, बोलेरो पॉवर प्लस सुमारे १६.५. रस्त्यावर जुनी गाडी एवढे देत नाही. हिशेबासाठी अर्टिगा १८ आणि बोलेरो १३ धरू, आणि डिझेल ९५ रुपये लिटर.

वर्षाला १२,००० किलोमीटर चालवल्यास अर्टिगाला सुमारे ६६७ लिटर, म्हणजे ६३,३०० रुपयांचे डिझेल लागेल. बोलेरोला सुमारे ९२३ लिटर, म्हणजे ८७,७०० रुपयांचे. वर्षाचा फरक साधारण २४,४०० रुपये. पाच वर्षांत हा सव्वा लाखाच्या जवळ जातो. वर्षाला ६,००० किलोमीटरच होणार असतील तर फरक निम्मा होतो. पण इतके कमी चालणे असेल, तर मुळात डिझेल हवेच का, हाच प्रश्न आधी विचारावा. जुन्या डिझेल गाडीचे इंजेक्टर, टर्बो आणि क्लच यांची दुरुस्ती पेट्रोल गाडीपेक्षा महाग पडते. इंधनातील बचत एका मोठ्या दुरुस्तीत संपू शकते.

२०२० नंतरची बीएस-६ बोलेरो पाहत असाल तर आणखी एक गोष्ट. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारे फिल्टर असते. ते साफ राहण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग चालावी लागते. फक्त घर ते बाजार चालणाऱ्या गाडीत ते तुंबते. नागपूर-बैतूल महामार्गावर नेहमी जाणे असेल तर ही अडचण येत नाही.

दारातली किंमत : एक नमुना

पुढील आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा, नागपूरची गाडी ५,००,००० रुपयांना मिळते. मध्य प्रदेशातील कर ४०,०००, टायर-बॅटरी आणि सर्व्हिस ३०,०००, विमा, शुल्क आणि येण्या-जाण्याचा खर्च २५,०००. एकूण ५,९५,००० रुपये. त्याच सुमाराची एमपी-२८ क्रमांकाची गाडी छिंदवाड्यात ५,४०,००० ला आहे. तिला नवा कर नाही. सर्व्हिस, विमा आणि हस्तांतरण मिळून ३५,०००. एकूण ५,७५,०००. पहिली गाडी चाळीस हजारांनी स्वस्त वाटत होती, प्रत्यक्षात वीस हजारांनी महाग पडली.

कर किती बसेल हे गाडीची मूळ किंमत, इंधन आणि वय यांवर ठरते. बयाणा देण्यापूर्वी आपल्या परिवहन कार्यालयात आरसीची प्रत दाखवून तो आकडा काढून घ्यावा. महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराच्या उरलेल्या काळाच्या परताव्यासाठी तिथल्या कार्यालयात अर्ज करता येतो. तो परतावा कोण घेणार, हे सौद्याच्या वेळीच लिहून ठेवावे.

कागदांचा क्रम

१. परिवहन विभागाच्या वाहन संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणीची तारीख, मालकांची संख्या, विमा, फिटनेसची मुदत आणि बोजा पाहावा. प्रलंबित ई-चलनही पाहावे.

२. आरसीवर बँकेचा बोजा (हायपोथिकेशन) असेल तर तो आधी उतरवून घ्यावा. बँकेच्या नोकरीत वारंवार पाहिले आहे की कर्ज फिटून वर्षे झालेली असतात, पण ग्राहकाने नमुना ३५ परिवहन कार्यालयात दिलेलाच नसतो. कर्ज फिटणे आणि नोंद उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

३. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४८ प्रमाणे मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) विक्रेत्याने काढून द्यायचे असते. मोठी रक्कम हे हाती आल्यावरच द्यावी.

४. हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३०, तर मध्य प्रदेशचा नवा क्रमांक घेण्यासाठी नमुना २७ लागतो. खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत आपल्या कार्यालयाला कळवायचे असते.

५. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, त्यामुळे हप्ता थोडा वाढतो.

६. रक्कम चेकने किंवा बँकेतून द्यावी. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणे आयकर कायद्याने निषिद्ध आहे, आणि रोखीच्या व्यवहाराचा पुरावाही राहत नाही.

"नाव राहू द्या, गाडी नागपूरच्या भाच्याच्या नावावरच चालवू," असे पुष्कळ जण म्हणतात. कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीला तेथील क्रमांक घ्यावाच लागतो. त्याहून गंभीर गोष्ट अपघाताची. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. गाडी आपण चालवायची आणि नुकसानभरपाईचा दावा भाच्याच्या दारात न्यायचा, हे नात्यालाही परवडणारे नाही.

दिल्लीची स्वस्त गाडी

राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांनंतर दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंधने आली. त्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. हा नियम दिल्ली परिसराचा आहे, पांढुर्णा किंवा नागपूरचा नाही. परंतु तिथे एखाद्या गाडीची नोंदणी रद्द झालेली असली, तर इकडे तिची नोंदणी करताना अडचण येते. अशा गाडीची नोंदणी चालू आहे का आणि ना हरकत प्रमाणपत्र प्रत्यक्ष मिळाले आहे का, हे दोन्ही पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते, आणि २०२२ पासून त्याचे शुल्क बरेच वाढले आहे. म्हणून २०१२ ची गाडी आणि २०१७ ची गाडी यांच्या किमतीची तुलना करताना उरलेली वर्षेही मोजावीत.

गाडी पाहताना

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. आपला मिस्त्री सोबत न्यावा. पहिल्या स्टार्टला खडखडाट आला तर अर्टिगात टायमिंग चेनची तपासणी करून घ्यावी. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. चालू इंजिनावर ऑइलचे झाकण सैल केल्यावर जोराने वाफ येत असेल, तर इंजिनाचे काम जवळ आले आहे. बोलेरोत गाडीखाली वाकून चासीचा गंज, जोड आणि पाटे पाहावेत. मीटरवरील किलोमीटर सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून पाहावेत. चासी क्रमांक आरसीशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे.

निवड

शेतीचा रस्ता आणि ओझे असेल तर बोलेरो, माणसांचा लांबचा प्रवास असेल तर अर्टिगा, हे सर्वसाधारण उत्तर. पण कागद स्वच्छ असलेली मध्यम गाडी ही कागद अडलेल्या चांगल्या गाडीपेक्षा केव्हाही बरी. दोन्ही गाड्यांची दारातली किंमत एका कागदावर शेजारी शेजारी मांडा, घरातल्या सर्वांना दाखवा, आणि मगच बयाणा द्या. पोळ्याच्या आत गाडी हवी म्हणून घाई करू नये. कागद पूर्ण व्हायला लागणारा महिना-दीड महिना आधीच धरून चालावे.