दंडातली ताकद

पुण्याला तालमींचं कौतुक जुनं. बळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाल माती, मुद्गल, जोर-बैठकाच येतात. बैठका मारणारे पाय गृहीतच धरलेले! पण पायच साथ देईनासे झाले तर?

मुरलीकांत पेटकर हे मूळचे इस्लामपूरचे. सैन्याच्या ईएमई विभागात जवान आणि उत्तम बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. बॉक्सिंग संपलं. उपचारांचा भाग म्हणून पाण्यात उतरले. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, पण पुढे सरकायचं तर सगळी मदार खांदे, दंड आणि छातीवर. बॉक्सरचे खांदे इथे कामी आले असणार.

या विचारामागे डॉ. लुडविग गुटमान होते. त्यांच्या आधी मणक्याला इजा झालेला माणूस म्हणजे कायमचा अंथरुणाला खिळलेला, अशीच समजूत होती. त्यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला अशा सैनिकांना व्यायाम आणि खेळ दिले. १९४८ साली लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच तिथे १६ जणांची धनुर्विद्या स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकचं बीज ते हेच. पुढे १९६४ला टोकियोत वेटलिफ्टिंगही आलं. वजन उचलायचं, पण उताणं झोपून, फक्त हातांनी.

पेटकर १९६८ला तेल अवीवला टेबल टेनिस खेळले. १९७२च्या स्पर्धा म्युनिकऐवजी हायडलबर्गला झाल्या. तिथे ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमी वेळेत जिंकली. पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण! अभिनव बिंद्राच्या सुवर्णाच्या ३६ वर्षं आधी.

पुढे ते पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. याच शहरात, खडकीला, १९७४पासून जखमी जवानांचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. तरीही आपल्यापैकी कितीजणांना हे नाव ठाऊक होतं? पद्मश्री मिळाली २०१८ला, 'चंदू चॅम्पियन' आला २०२४ला आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या हाती पडला जानेवारी २०२५मध्ये. सुवर्णानंतर बावन्न वर्षांनी!

असो. मला पदकाहून मोठी वाटते ती रोजची गोष्ट. पलंगावरून व्हीलचेअरवर येणं, पायऱ्याच असलेल्या इमारतीत आत जाणं, यालाही दंडात ताकद लागते. ती माणूस कमावतोही. पण व्यायामशाळेच्या दारातच तीन पायऱ्या असतील, तर ती कमवायची कुठे?

तालमीचा अभिमान असलेल्या आपल्या पुण्याने याचं उत्तर द्यायला हवं, नाही का?