आंजर्ल्याच्या खाडीतले दोन वारे

जोग नदी आंजर्ल्याजवळ समुद्राला मिळते. इंजिने येण्याआधी या खाडीतल्या शिडाच्या होड्यांची ये-जा दोन वाऱ्यांवर चाले. रात्री जमिनीवरून मतलई सुटली की होड्या बाहेर पडत. दुपारी समुद्रावरून खारा वारा भरला की त्याच्या जोरावर परतत.

दोन्ही वाऱ्यांचे मूळ विशिष्ट उष्माधारकतेत आहे. एक किलो पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी ही उष्णता कोरड्या वाळूसाठी सुमारे ०.८ किलोज्यूल, तर समुद्राच्या पाण्यासाठी जवळजवळ ४ किलोज्यूल असते. मिळालेल्या उष्णतेला वस्तुमान आणि विशिष्ट उष्माधारकता यांच्या गुणाकाराने भागले की तापमानातला बदल मिळतो. ५ किलो वाळूला २० किलोज्यूल उष्णता दिली, तर २० भागिले ४, म्हणजे ती ५ अंशांनी तापते. तेवढेच पाणी जेमतेम १ अंशाने. प्रत्यक्षातली तफावत याहून मोठी, कारण ऊन पाण्यात खोल उतरते, लाटा ते घुसळतात आणि बाष्पीभवनात बरीच उष्णता खर्ची पडते. पुळणीचा मात्र वरचा थरच तापतो. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि समुद्रावरची गार हवा आत येते. रात्री पुळण लवकर निवते, आणि वारा उलटतो.

विल्यम डँपियर या इंग्रज दर्यावर्द्याने अशा वाऱ्यांचे वर्णन १६९९ साली छापले होते. सारख्या उष्णतेने सगळे पदार्थ सारखे तापत नाहीत, हे मात्र जोसेफ ब्लॅकने ग्लासगोत १७६० च्या सुमारास दाखवले.

वाऱ्याचे मोल लढाईतही कळे. ब्लॅकच्या थोडे आधी, १७५५ साली, आंजर्ल्याच्या दक्षिणेला हर्णैसमोरच्या, तुळाजी आंग्र्यांच्या ताब्यातल्या सुवर्णदुर्गावर इंग्रज कमोडोर जेम्स चालून आला. पेशव्यांचे आरमार त्याच्या बाजूला होते. आंग्र्यांची जहाजे निसटू लागली, तेव्हा वाऱ्याची झुळूकही वाया जाऊ नये म्हणून त्यांवरच्या खलाशांनी अंगावरचे कपडे आणि पागोटीसुद्धा वर टांगली, असे इतिहासकार ऑर्म सांगतो. शिडाच्या लढाईत पडलेला वारा तोफेइतकाच घातक, हे त्यातून उघड दिसते. किल्ला एप्रिलमध्ये पडला.

खारा वारा आणि मतलई यांचा हा दिनक्रम उघडिपीचाच. पावसाळ्यात आभाळ झाकलेले असल्याने पुळण फारशी तापत नाही आणि नैर्ऋत्य मोसमी वारा दोघांनाही दाबून टाकतो. तेव्हा होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावर ओढलेल्या असत. पुढे मुंबईच्या आगबोटी हर्णैला थांबू लागल्या, विसाव्या शतकात मच्छीमार होड्यांवरही इंजिने चढली, आणि निघण्याची वेळ वाऱ्याला विचारून ठरवण्याची गरज उरली नाही.