तीन पिना आणि एक कुलूप

परवा जामला गेलो होतो. नागपूरहून हैदराबादला जाताना जिथून चंद्रपूरचा रस्ता फुटतो, ते आमचं जाम. समुद्रपूर तालुका, वर्धा जिल्हा. काकूनं माळा आवरायला काढला होता. एका खोक्यात जुना व्हीसीआर निघाला, लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची वायर निघाली आणि काकांच्या लग्नाची कॅसेट, १९८९ ची.

काकू म्हणाली, "त्याईचं ते टीव्हीवालंबी काढून देशील का रे?"

ते का निघणार नाही, हे सांगायचं तर थोडा इतिहास सांगावा लागेल.

व्हीएचएस जपानात १९७६ साली आली. टीव्हीवरचा कार्यक्रम घरी टिपून ठेवणं म्हणजे चोरी, असं म्हणत हॉलिवूडच्या दोन स्टुडिओंनी त्याच वर्षी सोनीच्या बेटामॅक्सवर खटला भरला. १९८४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की नंतर बघण्यासाठी घरी टिपणं बेकायदा नाही. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर? असो.

त्या यंत्राचा एक मोठा गुण होता. आत गेलेलं चित्र मागच्या पिनांतून बाहेर पडायचं. पिवळी पिन चित्राची, पांढरी-लाल आवाजाची. पलीकडे टीव्ही आहे, दुसरा व्हीसीआर आहे की कॉम्प्युटर, हे ती वायर विचारत नसे.

२००५ मध्ये मी कॅप्चर कार्ड बसवलेला कॉम्प्युटर जामला नेला आणि लग्नाची कॅसेट उतरवायला घेतली. फाइल कॉपी करण्यासारखं ते नसतं, मंडळी. तीन तासांची कॅसेट उतरायला तीनच तास. तेही लोडशेडिंगच्या दिवसांत! दोनदा निम्म्यावर वीज गेली. काका वैतागले, "तीन घंट्याची क्याशेट उतरवाले तीन घंटेच लागते का बाप्पा?"

बरं, जागेचंही गणित होतं. पॅल पद्धतीचं चित्र न दाबता साठवलं तर तासाला ७५ जीबीच्या आसपास जागा खातं, आणि माझी सगळी हार्ड डिस्क ४० जीबीची! म्हणून एमपेग. १९९३ च्या व्हीसीडीच्या मापात दाबलं की साधारण सव्वा तास एका सीडीत मावतो. चेहरे थोडे चौकोनी दिसतात, पण दिसतात. तीन सीड्या झाल्या. मग उलटा प्रवास : कॉम्प्युटरमधून सीडी, सीडीतून प्लेअर, प्लेअरमधून पुन्हा त्याच तीन पिनांनी टीव्हीत. आजोबा मांडवात कुणाला तरी ओरडताना दिसले आणि काकू पदर डोळ्याला लावून बसली. आजोबांचा आवाज तेवढाच शिल्लक आहे. आज तो नागपूर, पुणे आणि न्यू जर्सी, तीन घरांत आहे.

मग हार्ड डिस्कवर टिपणारे डबे आले. अमेरिकेत टिवो आणि रिप्लेटीव्ही १९९९ मध्ये. टिपलेला कार्यक्रम इंटरनेटवरून दुसऱ्याला पाठवायची सोय रिप्लेटीव्हीने दिली, तर २००१ मध्ये तिच्यावरही खटला. आपल्याकडे डिशवाल्यांनी असे डबे २००८ च्या सुमारास आणले. कॅसेट नको, घड्याळ लावणं नको, चित्र अगदी स्वच्छ. फक्त आतलं सगळं कुलूपबंद. टिपलेलं चित्र सांकेतिक रूपात राहतं आणि ते उलगडायची किल्ली त्याच डब्यापाशी असते.

२००९ मध्ये एका शेतीच्या कार्यक्रमात काका दोन मिनिटं बोलले. कपाशीवर. त्यांनी ते डब्यात टिपलं आणि येईल त्या पाहुण्याला दाखवलं. मी ऐटीत म्हणालो, "काकाजी, डिस्क काढून कॉम्प्युटरला लावतो, पाच मिनिटांचं काम." लावली. कॉम्प्युटरला त्यात काहीच वाचता आलं नाही. "बघू पुढच्या वेळी," म्हणून डिस्क परत बसवून दिली.

पुढच्या वेळेआधी डबा बिघडला. दुरुस्तीवाल्यानं जुना नेला, नवा दिला. २०१४ मध्ये काका गेले.

आता खरी गोष्ट सांगतो, जी काकूला अजून सांगितलेली नाही. त्या डब्याच्या मागेही त्याच तीन पिना होत्या. चित्र टीव्हीपर्यंत त्यांतूनच जात होतं. माझं जुनं कॅप्चर कार्ड मध्ये लावलं असतं, तर दोन मिनिटांचं काम दोनच मिनिटांत झालं असतं. थोडं धूसर आलं असतं, एवढंच. मला फाइल हवी होती, जशीच्या तशी, एका फटक्यात. कुलूप कंपनीचं होतं, पण उघडी खिडकी मला दिसली नाही, हा दोष माझा.

व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनेही २०१६ मध्ये ते बंद केले. घरात कॅसेटी असतील तर यंत्र चालतंय तोवर उतरवून घ्या. फितीला बुरशी लागते, ती वाट बघत नाही.

आणि नातेवाईक मंडळी, २००९ चा तो कार्यक्रम तुमच्यापैकी कुणी कॅसेटवर किंवा टीव्ही ट्यूनरवर टिपला होता का? असेल तर कळवा. कसाही असला तरी चालेल. वायर मी माळ्यावरून घेऊन आलोय.