शेतीमूलक शब्द व म्हणी

शेतीची अवजारे, जनावरे व हंगाम यांवरून रोजच्या बोलण्यात रुळलेले शब्द, वाक्प्रचार आणि म्हणी. वस्तू वापरातून गेली तरी तिचा शब्द टिकतो; मात्र वस्तूची ओळख पुसली की अर्थ सरकू लागतो.

बैल व गाडी : ‘धुरा’ म्हणजे मुळात जू, ते मानेवर घेणारा तो ‘धुरीण’. बैलाच्या नाकातून ओवलेली ‘वेसण’ आज खर्चाला घालतात. गाडीच्या चाकांनी मातीत पाडलेली वाट ती ‘चाकोरी’. मराठीत चाकोरीबाहेर जाणाऱ्याचे कौतुक होते. लॅटिनमध्ये मात्र ‘लिरा’ म्हणजे नांगराची सरी, आणि ती सोडण्यावरून भ्रमाला ‘डिलिरियम’ हे नाव पडले.

खळे व हंगाम : दाणा न भरलेले टरफल ते ‘फोल’, उफणताना ते वाऱ्यावर जाते, म्हणून अंदाजही फोल ठरतो. ‘खरीप’ व ‘रब्बी’ हे अरबी शब्द अनुक्रमे शरद व वसंत ऋतूंचे आहेत. म्हणजे हंगामांची नावे पेरणीवरून नव्हे, काढणीवरून पडली.

म्हणी : ‘कुंपणच शेत खाते’, ‘तण खाई धन’ यांचा अर्थ उघड आहे. ‘बैल गेला आणि झोपा केला’ या म्हणीतील ‘झोपा’चा झोपेशी संबंध नाही. गोठ्याच्या तोंडाशी लावायचे कुडाचे दार म्हणजे झोपा. बैल चोरीला गेल्यावर दार बसवले, असा तिचा अर्थ. कुडाचे गोठे गेले आणि ऐकणाऱ्याला त्यात झोप दिसू लागली.

पडेगाव : शेती सरली तरी तिचा शब्द कसा टिकतो, ते येथे दिसते. छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादकडे जाताना लागणारे हे गाव आता महापालिकेच्या हद्दीत आहे. शेळी-मेंढी महामंडळाचे प्रक्षेत्र येथे असले, तरी भोवतीच्या रानात वसाहती उभ्या राहिल्या. अशा वस्त्यांत सर्वाधिक चालणारा शेतीशब्द ‘गुंठा’. 33 फूट लांब व तितकाच रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. शेताचे तुकडे पाडून घरांसाठी विकण्याच्या रीतीला ‘गुंठेवारी’ म्हणू लागले; 2001 च्या राज्य कायद्याच्या नावातही हा शब्द आला. जमिनीत पीक उरले नाही, तरी घराच्या कागदावर माप गुंठ्याचेच राहिले.