फड

पुणे जिल्ह्यातल्या न्हावऱ्यात वाढलेल्या मनुष्याच्या कानी ‘फड’ हा शब्द प्रथम पडतो तो उसाच्या निमित्ताने. माझ्या लहानपणी घोडगंगा साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले, उसाच्या गाड्यांची रांग रस्त्याला लागली, म्हणजे आज कोणाचा फड तुटतो आहे आणि कोणाचा पेटला, याखेरीज दुसरा विषय घरात निघत नसे; पुढे चैत्र-वैशाखात जत्रा सुरू झाल्या की तोच शब्द दुपारी कुस्त्यांना आणि रात्री तमाशाला लागू होई. इतिहास वाचू लागल्यावर कळले की पुण्यास पेशव्यांच्या हिशेबाचे दप्तर जेथे चाले त्यालाही हुजूर फडच म्हणत. अनेक हातांनी मिळून जे काम एके ठिकाणी उरकावयाचे, त्या सगळ्याला आमच्या मुलखाने हा एकच शब्द पुरवलेला आहे. असे असता, नाट्यशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी आम्हां बारा विद्यार्थ्यांना जेव्हा सांगण्यात आले की या खेपेस संहिता मिळणार नाही, प्रयोग तुम्हीच तालमीतून उभा करा, तेव्हा फळ्यावर ‘समूहनिर्मिती’ हा भारदस्त शब्द लिहिला गेला. ‘फड’ कोणालाच सुचला नाही, आणि मी न्हावऱ्याचा असून मलाही सुचला नाही, ही माझी पहिली चूक.

आम्हांला दाखले मिळाले ते दूरचे. सोळाव्या शतकातील इटलीच्या ‘कोमेदिया देल्लार्ते’ या नाटकमंडळ्या कथेचा नुसता आराखडा समोर ठेवून संवाद ऐन वेळी रचीत. लंडनमध्ये जोन लिटलवुडच्या मंडळीने १९६३ साली पहिल्या महायुद्धावरील प्रयोग तालमीतच घडविला. हे दाखले खोटे नव्हेत. परंतु शिरूरहून न्हावऱ्यावरून जाणारी वाट दक्षिणेस भीमा ओलांडून चौफुल्याला पोहोचते, जेथे संगीत बारीचे कलाकेंद्र आहे; आणि वायव्येस जुन्नर तालुक्यात नारायणगाव, जेथे गुढीपाडव्याच्या सुमारास ढोलकी फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे जत्रेचे कारभारी येऊन बसतात, घासाघीस होते, इसार दिला जातो आणि सुपारी ठरते. तमाशाच्या या दोन्ही परंपरांच्या मध्ये आमचे गाव बसलेले असताना आम्ही लंडनकडे पाहत होतो.

तमाशाचा वग, म्हणजे त्यातला नाट्यभाग, हे दीर्घकाळ कोणा एकाच्या लेखणीचे काम नव्हते. सावळजच्या उमा-बाबूंचा ‘मोहना बटाव’ हा पहिला वग मानतात. त्याचा काळ १८६५ च्या आसपासचा. त्यापुढे पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, यांनी वगांचा आणि लावण्यांचा विस्तार केला. पदे रचलेली असत, ती शाहिराच्या नावावर चालत, त्यांत कोणी हात घालीत नसे. पण दोन पदांच्या मधला गद्य भाग फडाचा. नायकाने कथानक सांगावयाचे, राजा कोणी, प्रधान कोणी हे ठरवून द्यावयाचे, आणि मग सोंगाड्याने त्या दिवशीच्या गावाचे, पाटलाचे, पावसाचे, बाजारभावाचे जे दिसेल ते उचलून त्या राजाच्या दरबारात आणून ठेवावयाचे. ‘गाढवाचं लग्न’ या वगातील दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार ज्यांनी पाहिला ते सांगतात की आज ऐकलेले वाक्य उद्या तसेच ऐकू येईल याचा भरवसा नसे. मात्र या मोकळेपणाला मर्यादा होती, आणि ती कडक होती: आधी गण, मग गवळण, तीत मावशी आणि पेंद्या, मग बतावणी, मग वग. ढोलकीवाल्याला तोडा कोठे मारावयाचा हे ठाऊक. झीलकऱ्यांना सूर कोठे उचलावयाचा हे ठाऊक. घर बांधून तयार होते म्हणूनच आत हवे तसे वावरता येई.

आम्ही नेमके उलटे केले. संहिता नाही म्हणजे काहीच नाही, असे समजून पहिले तीन आठवडे आम्ही जमिनीवर लोळलो, परस्परांच्या डोळ्यांत पाहिले, बालपणीच्या दुःखद आठवणी सांगून रडलो, आणि चौथ्या आठवड्यात लक्षात आले की रडणे उत्तम झाले आहे पण प्रयोग कोठेच नाही. तेव्हा एका मैत्रिणीने खडू घेऊन पाच घरे आखली, कोणत्या घरातून कोठे जावयाचे ते ठरवले, आणि त्याच दुपारी आमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकण्यासारखी वाक्ये निघाली.

फडाची आठवण काढताना त्यास समतेचा नमुना समजणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. फड ओळखला जाई तो मालकाच्या नावाने. ढोलकीवाला उचल घेऊन बांधला गेलेला असे. कलावंत बहुसंख्य महार, मांग, कोल्हाटी जातींचे, आणि रात्री ज्या गावाने फेटे उडवले ते गाव सकाळी हजेरीचा खेळ आटोपल्यावर त्यांना पाणी वरूनच वाढी. आमच्या हस्तपत्रिकेवर बाराही नावे वर्णानुक्रमे छापली आहेत. तरीही खडू हाती घेणारी एकच होती, आणि वर्णानुक्रमाने ही गोष्ट झाकली गेली.

तमाशाच्या या तोंडी मजकुराला पुढे लेखी रूप आले, त्यास केवळ रसिकता कारण झाली नाही. स्वातंत्र्यानंतर लगेचच, बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ असताना, अश्लीलतेच्या आक्षेपावरून तमाशावर बंदी आली. ती उठली तेव्हा परीक्षण आणि परवाना यांची अट तिच्या जागी आली. प्रयोगाआधी मजकूर दाखल करावयाचा म्हटल्यावर तो कोणीतरी लिहिणे प्राप्तच झाले. जे सोंगाड्याच्या जिभेवर होते ते कागदावर उतरले, आणि सरकारच्या दप्तरात राहिले ते तेवढेच. त्या रात्री त्या गावाला जे हसू आले त्याची नोंद कोठे व्हावी? माझे मत विचाराल तर, तमाशाचे जेवढे नुकसान बंदीने केले तेवढेच या शहाण्यासुरत्या परवान्यानेही केले.

आमचा प्रयोग गेल्या शनिवारी झाला. संहिता नसल्याबद्दल तो नावाजला गेला. आता गुणपत्रकासाठी त्याची टंकलिखित संहिता दोन प्रतींत सोमवारपर्यंत कार्यालयात दाखल करावयाची आहे, आणि ती लिहिण्याचे काम बाराजणांनी मिळून माझ्याकडे दिले आहे.