सत्तेचाळिसाव्या वर्षाचा चेंडू

पद्माकर शिवलकरांचे नाव निघाले की दादरच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एकच निदान होते : बेदींच्या काळात जन्मले, दैव! त्यांच्या आत्मचरित्राचे नावही ‘हा चेंडू दैवगतीचा’. जुने धावफलक चाळताना मला मात्र हे निदान अपुरे वाटू लागले.

१९७२-७३चा रणजी अंतिम सामना, चेपॉक. शिवलकरांनी तामिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी बाद केले. मुंबईचे ते सलग पंधरावे विजेतेपद. तरीही डावखुऱ्या फिरकीची भारतीय संघातली जागा बिशनसिंग बेदींकडेच राहिली. तेही थोरच गोलंदाज.

बेदींची शेवटची कसोटी १९७९ची. १९४० साली जन्मलेल्या शिवलकरांचा पहिला प्रथम श्रेणी सामना १९६१-६२चा, अखेरचा १९८७-८८चा, वय ४७. बळी ५८९, सरासरी वीसच्या आत. कसोटी एकही नाही.

निवड समितीच्या हाती होती. टप्पा, दिशा, बोटे आणि खांदा यांची निगा त्यांच्या स्वतःच्या. आजच्यासारखा फिजिओ-ट्रेनरांचा ताफा तेव्हा संघामागे नसे. भारतीय संघाची आशा मावळल्यावरही सत्तेचाळिशीपर्यंत मुंबईच्या उपयोगी पडेल अशी गोलंदाजी टिकवणे, हे दैवाचे काम नव्हे.

मेहनतीचे फळ मिळतेच, असे मैदानावरच्या मुलांना सांगताना शिवलकरांचा दाखला देऊ नये. फळ हुकले तरी आपली कला गंजू द्यायची की नाही, हे आपणच ठरवतो, एवढे सांगायला मात्र तोच द्यावा.